परदेशस्थ डॉ. तारकनाथ दास
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या संमेलनात एखाद्या चरित्रपर विषयावर चार शब्द बोलावे, अशी सूचना मंडळाच्या चिटणिसांनी केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाची पदविका मिळविली आणि चौतीस वर्षे मराठी शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालो. या सभागृहात डॉक्टर, वकील, अभियंते आणि प्राध्यापक बसले असता आम्ही कोणते नवे ज्ञान द्यावे? परंतु चिटणीस हे आमचे जुने विद्यार्थी. गुरुजींचा नकार होकारात कसा बदलावयाचा, ही विद्या ते इयत्ता पाचवीपासून जाणतात. तेव्हा त्यांच्या शब्दास मान देऊन आपणासमोर उभे आहोत.

आमचा विषय आहे डॉ. तारकनाथ दास. हे गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हेत आणि आपल्या प्रांताचेही नव्हेत. ते बंगाली. ऐन तारुण्यात ते अमेरिकेस गेले, तेथे त्यांनी वृत्तपत्र काढले, ग्रंथ लिहिले, बंदिवास भोगला आणि अखेरीस विद्यापीठात अध्यापक म्हणून मान मिळविला. मग आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर त्यांचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हांस प्रथम एक घरगुती गोष्ट सांगावी लागेल. तीबद्दल सभेने क्षमा करावी.

आमचे ज्येष्ठ चिरंजीव गेली अठरा वर्षे अमेरिकेत आहेत. आपल्या स्मरणिकेत परदेशी गेलेल्या ज्ञातिबांधवांची छायाचित्रे छापण्याची जी प्रथा आहे, तीत एके वर्षी त्यांचेही छायाचित्र झळकले होते आणि तो अंक आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांस मुद्दाम दाखविला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्यांचा फोन आला. त्यांनी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली होती. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे दोन्हीकडचे नागरिकत्व ठेवता येत नाही, म्हणून भारताचा पासपोर्ट परत करावयाचा होता. त्यांनी ही वार्ता भीत भीत सांगितली. आम्ही एवढेच म्हणालो, "म्हणजे आता तू आमचा राहिला नाहीस," आणि फोन खाली ठेवला. त्यानंतर तीन महिने आम्ही फोनवर गेलो नाही. दर रविवारी सकाळी आमच्या सौभाग्यवती लेकाशी बोलत आणि आम्ही बाहेर ओट्यावर वर्तमानपत्र उघडून बसत असू. त्यातले एक अक्षरही डोक्यात शिरत नसे.

अशा एका रविवारी सौभाग्यवतींनी फोन आमच्या हातीच आणून दिला. पलीकडे आमची नात होती. ती म्हणाली, "आजोबा, पूर्वी इथे भारतीयांना नागरिक होऊ देत नसत, हे खरं का? मला शाळेत त्यावर लिहायचं आहे. तारकनाथ दास म्हणून कोणी होते, तुम्हांला माहीत असतील ना? तुम्ही इतिहासाचे सर आहात." आम्ही इतिहासाचे सर होतो खरे, परंतु आम्हांस त्यांच्याविषयी काहीच माहीत नव्हते. 'पुढच्या रविवारी सांगतो' असे म्हणून वेळ मारून नेली. त्या लाजेपोटी आम्ही वाचावयास आरंभ केला, आणि ते वाचन वर्षभर चालले. आज जे निवेदन करणार आहोत, ते त्याच वाचनाचे फळ होय.

तारकनाथांचा जन्म १८८४ साली बंगालमधील चोवीस परगणा जिल्ह्यात झाला. वडील कलकत्त्याच्या तारखात्यात कारकून, म्हणजे घरची परिस्थिती आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांच्या घरी होती तशीच. शाळेत असताना त्यांनी देशभक्तीवर निबंध लिहिला, आणि त्या निबंधाने परीक्षकांतील बॅरिस्टर पी. मित्र यांचे लक्ष वेधले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. हेच मित्र पुढे १९०२ साली स्थापन झालेल्या अनुशीलन समितीचे प्रमुख झाले. शालेय निबंधाने एखाद्याच्या आयुष्याची दिशा ठरावी, ही गोष्ट आमच्यासारख्या निबंधाच्या वह्या तपासून जन्म घालविलेल्या माणसास फार सुखावणारी आहे.

१९०५ साली लॉर्ड कर्झन याने बंगालची फाळणी केली आणि तो प्रांत पेटून उठला. सरकारचा ससेमिरा चुकविण्यासाठी आणि परदेशात शिकून देशकार्यास उपयोगी पडण्यासाठी तारकनाथांनी जपान गाठले, व तेथून १९०६ च्या जुलै महिन्यात ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिअॅटल बंदरात उतरले. वय बावीस, खिसा रिकामा. प्रथम शेतमजुरी केली, मग कॅलिफोर्निया विद्यापीठात काम आणि शिक्षण यांची सांगड घातली. पुढे अमेरिकन सरकारच्या परदेशीयांच्या प्रवेश खात्यात दुभाषाची नोकरी मिळून ते कॅनडातील व्हँकुव्हर येथे गेले.

त्या किनाऱ्यावर त्या वेळी काय चालले होते, हे समजून घेतले पाहिजे. पंजाबातील शेतकरी, त्यांत शीख बहुसंख्य, लाकूड कापण्याच्या गिरण्यांत आणि लोहमार्गांवर कामास येऊ लागले होते. ते थोड्या मजुरीत राबत, म्हणून गोरे कामगार त्यांचा द्वेष करीत. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावी शेकडो गोऱ्यांच्या जमावाने हिंदी मजुरांच्या वस्त्यांवर हल्ला करून त्यांना गावाबाहेर हुसकून लावले. कॅनडाने मारझोड न करता कायद्यानेच तोच हेतू साधला. १९०८ साली तेथे असा नियम झाला की, जो आपल्या जन्मदेशातून मध्ये कोठेही न थांबता थेट येईल त्यासच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून थेट तेथे जाण्याची सोयच नव्हती. नियमात हिंदी माणसाचे नाव कोठेही लिहिले नव्हते. तथापि दार त्याच्यासाठीच बंद झाले होते. १९१४ साली 'कोमागाटा मारू' हे जहाज ३७६ उतारू घेऊन व्हँकुव्हरला गेले आणि दोन महिने बंदरात ताटकळून, थोडे उतारू वगळता सर्वांना घेऊन परत फिरले, ते या नियमामुळेच.

तारकनाथांच्या नोकरीचे काम असे की, दारात उभ्या असलेल्या आपल्याच देशबांधवांचे बोलणे साहेबास इंग्रजीत समजावून सांगावयाचे. पोटासाठी ते काम त्यांनी केले. परंतु संध्याकाळी त्याच बांधवांसाठी शाळा चालविली आणि १९०८ साली 'फ्री हिंदुस्थान' नावाचे इंग्रजी पत्र सुरू केले. कॅनडात हिंदी माणसाने काढलेल्या अगदी पहिल्या पत्रांत त्याची गणना होते. त्या पत्रात परदेशातील मजुरांची गाऱ्हाणी आणि स्वदेशातील पारतंत्र्य या दोन गोष्टी त्यांनी एकत्र जोडून दाखविल्या. ज्याला घरी मान नाही, त्याला दारीही मान मिळणार नाही, असा त्यांच्या लिखाणाचा रोख होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. नोकरी ठेवावयाची की पत्र, असा प्रश्न उभा राहिला. तारकनाथांची नोकरी गेली आणि पत्र सिअॅटलला हलले. पुढे ते व्हर्माँट राज्यातील नॉर्विच या लष्करी शिक्षणाच्या विद्यापीठात दाखल झाले, परंतु त्यांच्या ब्रिटिशविरोधी प्रचारामुळे तेथूनही त्यांना बाहेर पडावे लागले. अखेर सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून त्यांनी १९१० साली पदवी घेतली आणि पुढील वर्षी एम. ए. ही पदवी संपादन केली.

या काळातील एक प्रसंग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. 'फ्री हिंदुस्थान'चे संपादक या नात्याने तारकनाथांनी रशियातील थोर ग्रंथकार टॉल्स्टॉय यांस पत्र लिहून हिंदुस्थानच्या बाजूने शब्द टाकण्याची विनंती केली. टॉल्स्टॉय तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. १९०८ च्या डिसेंबरात त्यांनी जे दीर्घ उत्तर लिहिले, ते 'एका हिंदूस पत्र' या अर्थाच्या नावाने पुढे जगप्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी तारकनाथांच्या सशस्त्र मार्गाचे समर्थन केले नाही. प्रेम आणि अप्रतिकार यांचाच पुरस्कार केला. तारकनाथांस तो उपदेश पटला नाही. परंतु त्या पत्राची एक प्रत लंडनमध्ये गांधीजींच्या हाती पडली. १९०९ साली त्यांनी टॉल्स्टॉय यांची अनुमती घेऊन त्याचे गुजराती भाषांतर केले आणि आपल्या 'इंडियन ओपिनियन' या पत्रातून ते प्रसिद्ध केले. एका तरुण संपादकाने बंदुकीस पाठिंबा मागितला आणि उत्तर मिळाले ते अहिंसेच्या उपासकाच्या उपयोगी पडले. पत्रकाराने पेरलेले कोणाच्या शेतात उगवेल, हे त्याचे त्यास कळत नाही.

आता नागरिकत्वाच्या प्रश्नाकडे वळू. आमच्या घरातील तंट्याचे मूळही तेच होते. अमेरिकेचा १७९० सालचा कायदा असे सांगत होता की, स्वतंत्र गोऱ्या माणसासच तेथे नागरिक होता येईल. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. हिंदी माणूस यांपैकी कोणत्या खणात बसावयाचा? काही न्यायालयांनी त्यास गोऱ्यांत धरले, काहींनी धरले नाही. तारकनाथ बराच काळ खटपट करीत होते आणि अखेर १९१४ च्या जूनमध्ये त्यांना नागरिकत्व मिळाले. ही खटपट केवळ अमेरिकेच्या प्रेमापोटी होती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ब्रिटिश सरकारच्या हाती न सापडता कार्य करण्यासाठी त्यांना ती ढाल हवी होती.

त्यापूर्वीच, १९१३ च्या नोव्हेंबरात, सॅन फ्रान्सिस्कोहून 'गदर' हे पत्र निघू लागले होते. त्या चळवळीत आपल्या महाराष्ट्राचेही पुत्र होते. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे तारकनाथांचे सहकारी; ते पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९६७ साली नागपुरास निवर्तले. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेतून परत येऊन उठावाच्या तयारीत पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. महायुद्ध सुरू होताच तारकनाथ बर्लिनला गेले आणि जर्मनीच्या साहाय्याने हिंदुस्थान मुक्त करण्याच्या योजनेत सामील झाले. पुढे अमेरिका ब्रिटनच्या बाजूने युद्धात उतरली आणि १९१७ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे तटस्थतेच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल मोठा खटला उभा राहिला. तारकनाथ तेव्हा जपानात होते. तेथून परत येऊन ते न्यायालयापुढे उभे राहिले. १९१८ च्या एप्रिलमध्ये खटला संपला. अखेरच्या दिवशी भर न्यायालयात एका आरोपीने दुसऱ्यास गोळी घातली आणि अंमलदाराने मारणाऱ्यास तेथेच ठार केले, इतके वातावरण तापले होते. तारकनाथांस बावीस महिन्यांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी कॅन्सस राज्यातील लेव्हनवर्थच्या तुरुंगात भोगली.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या देशाच्या निष्ठेची शपथ घेतली, त्या देशाच्या भूमीचा असा उपयोग करणे योग्य होते काय? मायभूमीसाठी सर्व काही क्षम्य, असे उत्तर देऊन टाळ्या मिळविता येतील. परंतु शाळेत मुलांकडून दररोज प्रतिज्ञा म्हणवून घेणाऱ्या माणसाला तसे म्हणवत नाही. शपथ ती शपथ. तारकनाथांनी त्या बाबतीत दोन निष्ठांची ओढाताण सोसली आणि तिचे मोल तुरुंगात भरले, इतकेच आम्ही म्हणतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सुटल्यावर त्यांनी पळ काढला नाही. हिंदी बंदिवानांस देशाबाहेर घालविण्याचा प्रयत्न चालू असताना तेथील काही उदारमतवादी स्त्री-पुरुषांनी १९१९ साली हिंदी स्वातंत्र्याच्या मित्रांची संस्था काढून त्यास विरोध केला. तारकनाथ तेथेच राहिले, पुन्हा विद्यार्थी झाले आणि १९२४ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, वॉशिंग्टन शहरातील जॉर्जटाऊन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. त्याच वर्षी त्यांनी मेरी कीटिंग मोर्स या अमेरिकन विदुषीशी विवाह केला.

तेवढ्यात वज्राघात झाला होता. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड हे अमृतसरचे शीख. महायुद्धात त्यांनी अमेरिकन सैन्यात नोकरी केली होती. त्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांचे नाव सखाराम गणेश पंडित. नाव ऐकताच आपले कान टवकारले असतील. जन्म अहमदाबादचा, वकिली लॉस एंजेलिसची.

या खटल्यात थिंड यांच्या वतीने कोणता युक्तिवाद झाला, ते या व्यासपीठावरून सांगताना आमची जीभ अडखळते. परंतु सांगणे कर्तव्य आहे. असे म्हटले गेले की, अर्जदार हा उच्च जातीचा, शुद्ध आर्य रक्ताचा हिंदू आहे. आणि अमेरिकेतील गोरा माणूस काळ्या माणसाशी जसा अंतर राखून वागतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडील मूळ रहिवाशांशी वागतो, तेव्हा त्यास गोऱ्यांतच गणावे. म्हणजे दारात उभे राहून आम्ही न्याय मागितला तो असा, की आम्हीही तुमच्याप्रमाणेच कोणास तरी दाराबाहेर ठेवतो. कायदाच तसा होता. गोरेपण सिद्ध केल्यावाचून गत्यंतर नव्हते, हे खरे. परंतु न्यायालयाने तो युक्तिवाद क्षणात फेटाळला. शास्त्रात आर्य कोण, हा प्रश्नच नाही, सामान्य गोरा माणूस ज्यास गोरा मानतो तोच गोरा, असा त्या निर्णयाचा आशय आहे. घरी ज्या जातीचा एवढा दिमाख, तिची तेथे कवडीची किंमत झाली नाही. आम्ही हा भाग वाचून पुस्तक मिटले आणि त्या दिवशी पुढे वाचू शकलो नाही. आपल्या ज्ञातीच्या श्रेष्ठत्वाविषयी ज्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या आणि थोरपणी मुलांस सांगितल्या, त्या एकेक करून आठवत होत्या.

निर्णयानंतर सरकारने पूर्वी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्यास आरंभ केला. तारकनाथांचे नागरिकत्व रद्द करण्याचाही प्रयत्न झाला. त्याहून विलक्षण गोष्ट त्यांच्या पत्नीची. १९२२ च्या एका कायद्याप्रमाणे, नागरिक होण्यास अपात्र अशा परदेशी पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपलेही नागरिकत्व गमावीत असे. मेरीबाईंचा जन्म अमेरिकेतला. तरीही सरकारने त्यांना अमेरिकन मानण्याचे नाकारले. १९२६ साली त्यांनी 'द नेशन' या साप्ताहिकात लेख लिहून आपण देशाविना स्त्री झालो आहोत, हे गाऱ्हाणे जगापुढे मांडले. मुलीने जातीबाहेर लग्न केले की तिचे नाव घरातून पुसून टाकावयाचे, ही रीत आपल्याकडचीच आहे असे आम्ही समजत होतो.

या संकटातून मार्ग काढला तो त्याच सखाराम पंडितांनी. सरकारने त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्यासाठी दावा लावला होता. पंडितांनी तो लढविला आणि १९२६ साली वरिष्ठ न्यायालयात ते विजयी झाले. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे पुढील अपील ऐकण्याचे नाकारले, तेव्हा उरलेले दावे सरकारने सोडून दिले. परंतु हा विजय सर्वांस वेळेवर लाभला नाही. वैष्णवदास बगाई नावाचे सॅन फ्रान्सिस्कोचे एक दुकानदार बायकामुलांसह तेथे स्थायिक झाले होते. नागरिकत्व गेले, त्यापाठोपाठ मालमत्ता गेली, प्रवासास पासपोर्ट मिळेना. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली आणि मागे वृत्तपत्रासाठी पत्र ठेवले. आपण पूर्वीचा देश सोडला आणि या देशाने आपणास सोडले, असा त्यांच्या व्यथेचा सारांश सांगता येईल.

तारकनाथांनी मात्र लेखणीचा आश्रय सोडला नाही. तुरुंगापूर्वी, १९१७ साली, त्यांनी जपानचा आशियास धोका आहे काय या प्रश्नावर पुस्तक लिहिले होते. १९२३ साली 'इंडिया इन वर्ल्ड पॉलिटिक्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानचा प्रश्न हा इंग्रज आणि हिंदी यांच्यापुरता नाही, साऱ्या जगाच्या राजकारणाशी त्याचे धागे जुळलेले आहेत, ही गोष्ट अमेरिकन वाचकास पटवून देणे हे त्यांनी आपले जीवितकार्य मानले. कलकत्त्याच्या रामानंद चॅटर्जींच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'तून ते हिंदी वाचकांस जगाची ओळख करून देत, आणि तेथील नियतकालिकांतून जगास हिंदुस्थानची. व्हँकुव्हरच्या दारातील दुभाषा आता दोन खंडांमधला दुभाषा झाला.

पतिपत्नी काही वर्षे जर्मनीत म्युनिक येथे राहिली. हिंदी विद्यार्थ्यांना जर्मन विद्यापीठांत शिष्यवृत्त्या मिळाव्या, यासाठी तेथे १९२८ साली निघालेल्या संस्थेमागे तारकनाथांचे परिश्रम होते. पुढे न्यूयॉर्कला परतून ते न्यूयॉर्क विद्यापीठात व कोलंबिया विद्यापीठात राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हे विषय शिकवू लागले. १९३५ साली या निपुत्रिक दांपत्याने आपल्या मिळकतीतून तारकनाथ दास प्रतिष्ठान स्थापन केले. अमेरिका आणि आशियातील देश यांचे शैक्षणिक व सांस्कृतिक संबंध वाढावे, हा त्याचा उद्देश. ज्या देशाने बंदिवास दिला, त्याच देशातील कोलंबिया व इतर विद्यापीठांत त्यांनी निधी ठेवले, आणि परक्या मुलखात एकाकी पडलेल्या हिंदी विद्यार्थ्यास आधार दिला. बाविसाव्या वर्षी आपणास जे मिळाले नव्हते, ते त्यांनी दुसऱ्यांसाठी करून ठेवले.

२ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी सही केलेल्या कायद्याने हिंदी लोकांस नागरिकत्वाचा हक्क मिळाला, परंतु नव्याने येण्याची मर्यादा वर्षाकाठी अवघी १०० माणसे एवढी होती. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. १९४८ साली मेरीबाई निवर्तल्या. १९५२ साली वाटुमल प्रतिष्ठानचे अभ्यागत प्राध्यापक म्हणून तारकनाथ भारतात आले. सत्तेचाळीस वर्षे लोटली होती. बंगालची फाळणी सहन न होऊन ज्याने घर सोडले, तो परत आला तेव्हा बंगाल पुन्हा दुभंगलेला होता. त्या भेटीत जुन्या क्रांतिकारक सहकाऱ्यांच्या स्मृतीस त्यांनी वंदन केले आणि ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले. तेथेच २२ डिसेंबर १९५८ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

बंधुभगिनींनो, हे चरित्र आम्ही रविवारी रविवारी नातीस फोनवर सांगत गेलो. तिकडे ती लिहून घेई, आणि तिच्या शेजारी बसून कोणी तरी तिसरे माणूस निमूटपणे ऐकत असे, हे आमच्या ध्यानात येत होते. १९५२ च्या भेटीचा भाग सांगून झाला, तेव्हा नातीने विचारले, "आजोबा, मग ते परत का गेले? ते कुठल्या देशाचे होते?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. सत्तेचाळीस वर्षे ज्याने भारताचे नाव घेतल्यावाचून एक दिवस काढला नाही, तो भारताचा नव्हे असे कोण म्हणेल? आणि ज्याने आपली सारी मिळकत तेथील विद्यार्थ्यांच्या आणि विद्यापीठांच्या हाती सोपविली, तो त्या देशाचा नव्हे असे तरी कोण म्हणेल? शेवटी आम्ही म्हणालो, "बाळ, तुझ्या बाबांना फोन दे."

त्या दिवशी चिरंजीवांशी काय बोलणे झाले, ते सभेत सांगण्याचे कारण नाही. एवढेच सांगतो की, फोन खाली ठेवण्याचे पाप आमचे होते आणि क्षमा आम्हीच मागितली. ज्या दाराने आमचा मुलगा आत गेला, ते १९६५ च्या कायद्याने वंश न पाहता उघडले. त्यापूर्वी तेच दार ठोठावताना काहींनी तुरुंग सोसला, एकाने प्राण दिले. त्या दारातून तो ताठ मानेने आत गेला आणि आम्ही बापाच्या अहंकाराने त्यास नावे ठेविली. आपल्या सरकारनेही २००५ साली परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांसाठी कार्डाची योजना करून येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवली आहे. मताधिकार नाही, परंतु घराचे दार उघडे आहे. सरकारने जे केले ते बापास का जमू नये?

आता मंडळास एक विनंती करून आम्ही थांबतो. आपल्या शिष्यवृत्ती निधीत परदेशस्थ ज्ञातिबांधव दरवर्षी उदारपणे भर घालतात. तो निधी आजवर केवळ ज्ञातीतील मुलामुलींसाठी आहे, आणि ते स्वाभाविक आहे. घरच्यांची काळजी प्रथम घ्यावी. परंतु थिंड यांच्या खटल्यातला तो युक्तिवाद वाचल्यापासून आम्हांस असे वाटते की, दरवर्षी निदान एक शिष्यवृत्ती ज्ञातीबाहेरच्या, आणि शक्यतो ज्यास आपल्या पूर्वजांनी ओट्याखाली उभे केले अशा घरच्या मुलास द्यावी. काही सभासदांस हे रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. कार्यकारी मंडळाने साधकबाधक विचार करून निर्णय घ्यावा, आमचा हट्ट नाही. त्या एका शिष्यवृत्तीची पहिल्या वर्षाची रक्कम आमच्या निवृत्तिवेतनातून देण्याची तयारी आम्ही ठेवली आहे. दुसऱ्या वर्षाची रक्कम आपण पाठवू, असे अमेरिकेहून चिरंजीवांनी कळविले आहे.